लॅचच्या किल्लीमागचा माणूस : लायनस येल

मंडळी, आपल्या घरात एखादा तरी किल्ल्यांचा जुडगा असतोच. त्यात इथल्या घराची किल्ली असते, मुलाच्या अपार्टमेंटची असते, आणि पुष्कळांच्या जुडग्यात पुण्याच्या, डोंबिवलीच्या किंवा नाशिकच्या फ्लॅटची एक किल्ली असते. ती वर्षातून एकदाच लागते, पण जुडग्यातून काढून ठेवायला मन होत नाही. या सगळ्या किल्ल्या शेजारी शेजारी ठेवून बघा. चपट्या, दोन-अडीच इंच लांब, एका कडेला करवतीसारखे दाते, अंगावर उभ्या पन्हाळी. देश बदलला, दार बदललं, पण किल्ली तीच. हे रूप किल्लीला ज्यानं दिलं, त्याची गोष्ट आज सांगणार आहे. माणूस अमेरिकन, नाव लायनस येल. आमच्या कनेटिकटमध्ये येल म्हटलं की मुलांना युनिव्हर्सिटी आठवते आणि आईबापांना तिची फी! पण मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेला माणूस. मला मात्र येल म्हटलं की कुलूपच आठवतं.

तसं म्हटलं तर दोन्ही येल एकाच घराण्यातले. ज्याच्या देणगीमुळे युनिव्हर्सिटीला नाव मिळालं तो एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. 1687 ते 1692 या काळात तो मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. म्हणजे त्या घराण्याचा पैसा आपल्याच समुद्रकिनाऱ्यावर मिळवलेला! असो. कुलूपवाला येल या घराण्याच्या दूरच्या फांदीवरचा. त्याच्या वाट्याला गव्हर्नरी आली नाही, कानस आली.

लायनस येल ज्युनियरचा जन्म 4 एप्रिल 1821 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सॅलिसबरी या लहानशा गावी झाला. वडिलांचं नावही लायनसच. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागतं, इथे बापाचं अख्खं नावच मुलाला देतात, आणि मग ज्युनियर-सिनियर करत बसावं लागतं. सिनियर येल हे धडपडे गृहस्थ. स्वतःच्या डोक्यानं यंत्रं बनवायची, ती पेटंट करायची, एक जमलं की दुसऱ्याच्या मागे लागायचं. 1840 च्या दशकात त्यांनी न्यूपोर्ट या गावात कुलपांचा कारखाना काढला आणि मुख्यतः बँकांसाठी कुलपं बनवायला सुरुवात केली.

मुलाला मात्र कुलपात रस नव्हता. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता. तरुणपणी बरीच वर्षं त्यानं माणसांची पोर्ट्रेट्स रंगवली. त्या काळात फोटोग्राफी नुकतीच येऊ घातली होती, त्यामुळे अंगात कला असलेला माणूस पोर्ट्रेट्स करून पोट भरू शकत होता. 1844 मध्ये कॅथरिन ब्रूक्स हिच्याशी त्याचं लग्न झालं. पुढे तीन मुलं झाली. आपल्याकडे अशा वेळी घरात जे संभाषण होतं, तेच तिकडेही झालं असेल असं मला नेहमी वाटतं. पण त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही, तेव्हा मी पदरचं काही घालत नाही. घडलं ते इतकंच, की 1850 च्या सुमारास लायनसनं ब्रश खाली ठेवला आणि तो कुलपांच्या कामाला लागला. मात्र चित्रकाराची नजर सुटली नाही. पोर्ट्रेट काढणारा माणूस आधी बघायला शिकतो. नाक आणि वरचा ओठ यांतलं अंतर एका केसानं चुकलं तरी चेहरा दुसऱ्याचाच होतो. कुलपातही तसंच असतं. एका केसाची चूक आणि दार उघडत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, नको त्याच्यासाठी उघडतं.

आता त्या काळातली कुलपं कशी होती ते थोडं बघू, म्हणजे येलनं काय केलं ते नीट कळेल. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत रात्री आतून अडसर घालायचा, आणि बाहेर जाताना कडी-कोयंडा लावून त्यात कुलूप अडकवायचं. हे कुलूप दाराबाहेर लोंबत असल्यामुळे दार दोन इंच जाड आहे की चार इंच, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. पण त्यात एक मोठी गोची होती. बाहेर कुलूप दिसलं की गल्लीतल्या प्रत्येकाला कळायचं, घरात कुणी नाही! युरोप-अमेरिकेत कुलूप दाराच्या आतच बसवत, किंवा आतल्या बाजूला पेटीसारखं ठोकत. त्यामुळे बाहेरून आत कुणी आहे की नाही ते कळत नसे. पण मग बाहेरून किल्ली घालायची, तर ती दाराच्या जाडीतून पार कुलपापर्यंत पोचायला हवी. जितकं दार जाड तितकी किल्ली लांब. श्रीमंताचं दार जाड, म्हणून त्याची किल्लीही वीतभर. तुरुंगाच्या, चर्चच्या, किल्ल्याच्या किल्ल्या चित्रात बघा. त्या खिशात घेऊन फिरायच्या नव्हेतच, कमरेला लटकवायच्या. शिवाय किल्ली मोठी म्हणजे तिचं भोकही मोठं, आणि भोक मोठं म्हणजे चोराला आत तार, हुक, वाटलं तर बंदुकीची दारूसुद्धा घालायला प्रशस्त जागा.

लायनस या धंद्यात पडला त्याच सुमाराला, 1851 मध्ये, लंडनला एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे ए. सी. हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं इंग्रजांची झोप उडवली. चब कंपनीचं नावाजलेलं डिटेक्टर कुलूप त्यानं अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ब्रामा कंपनीचं एक कुलूप कित्येक वर्षं आव्हान म्हणून ठेवलेलं होतं, उघडणाऱ्याला 200 गिनी बक्षीस. हॉब्जनं तेही उघडलं. त्याला जवळजवळ 51 तास लागले, सोळा दिवसांत मिळून. पण उघडलं. ज्या कुलपांच्या भरवशावर बँका निवांत होत्या, तो भरवसाच गेला. हॉब्ज ज्या अमेरिकन कंपनीचा माणूस होता तिचं स्वतःचं कुलूप मात्र अभेद्य आहे, असा मग बोलबाला झाला.

इथे लायनस येल पुढे आला. त्यानं ते अभेद्य कुलूपही उघडून दाखवलं. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. दांडगाई नाही, घण नाही. बारीक निरीक्षण, आत कुठला भाग कुठे अडतो याचा हातानं घेतलेला अंदाज, आणि त्या मापानं बनवलेली लाकडी किल्ली. म्हणजे पुन्हा मापच.

त्याचं स्वतःचं पहिलं गाजलेलं काम म्हणजे 1851 चं बँकेचं कुलूप. त्याच्या किल्लीचे दाते किल्लीपासून सुटे व्हायचे. किल्ली घालून फिरवली की दाते आतल्या आत लांब सरकत जाऊन कुलपाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात आपलं काम करायचे, आणि तेवढ्या वेळात किल्लीच्या भोकावर पोलादी पडदा यायचा. चोराची तार तिथपर्यंत पोचणारच कशी? मालकाला वाटलं तर दात्यांचा क्रम बदलून तो कुलूपही बदलू शकत असे. बँकांनी ते आनंदानं घेतलं. इथे दुसरा एखादा थांबला असता. धंदा चालू आहे, नाव झालंय, आता उगाच खोड कशाला काढा?

येलनं मात्र खोड काढली. 1856 मध्ये फिलाडेल्फियात असताना त्यानं कुलपं आणि ती फोडण्याच्या कला यांवर एक पुस्तिका छापली. लोकांना वाटणारी खात्री किती पोकळ आहे ते त्यानं उघड उघड मांडलं. त्या काळात, आणि आजही, या धंद्यात दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, कुलपातला दोष जाहीर केला तर चोराचंच फावतं, तेव्हा गप्प बसावं. दुसऱ्याचं म्हणणं, चोराला ते आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त बिचाऱ्या गिऱ्हाइकाला. येल दुसऱ्या तटातला. आपल्यातली सॉफ्टवेअरमध्ये असलेली तरुण मंडळी हाच वाद आज कॉम्प्युटर सिक्युरिटीबद्दल घालताना मी ऐकतो, तेव्हा मला गंमत वाटते. दीडशेहून अधिक वर्षं झाली, भांडण तेच आहे.

पण नुसतं बोलून तो मोकळा झाला नाही. बँकेच्या तिजोरीपुरता त्यानं त्यातून सरळ निष्कर्ष काढला. किल्लीचं भोक आहे तोवर आत शिरायला वाट आहे, मग भोकच नको. 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं तबकडी फिरवून आकड्यांवर उघडणारी बँकेची कुलपं बनवली. आजही तिजोरीच्या दारावर अशी तबकडी दिसते, तिच्यामागचा विचार तिथला आहे. ज्या किल्लीच्या कुलपानं नाव दिलं, पैसा दिला, ते त्यानं बँकेच्या कामातून स्वतःच बाजूला सारलं. वडील 1858 च्या सुमारास वारले होते. आता चूक झाली तर सावरायला मागे कुणी नव्हतं.

बँकेचं झालं, पण साध्या घराचं काय? घरातल्या बाईमाणसांनी, म्हाताऱ्यांनी रोज दहा वेळा आकडे जुळवत बसायचं का? तिथे किल्लीच हवी; पण लहान, स्वस्त आणि भरवशाची. मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्न फॉल्स या गावात त्यानं कारखाना काढला आणि याच प्रश्नाच्या मागे लागला. हे गाव आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेलं आहे. ऑक्टोबरात फॉल कलर्स बघायला मोहॉक ट्रेलनं जाताना आपण तिथे थांबतो, नदीवरच्या जुन्या ट्रॉलीच्या पुलावर लावलेली फुलं बघतो, आईस्क्रीम खातो आणि पुढे जातो. याच गावात, बाहेर अमेरिकेचं यादवी युद्ध चालू असताना, आपल्या खिशातली किल्ली जन्माला आली.

कल्पना मुळात नवी नव्हती. प्राचीन इजिप्तमध्ये आणि आसपासच्या प्रदेशात लाकडी कुलपं असत. आडव्या अडसरात वरून खुंट्या पडायच्या आणि अडसर अडकायचा. भल्याथोरल्या लाकडी किल्लीवरच्या खुंट्यांनी त्या वर उचलल्या की अडसर सरकायचा. येलच्या वडिलांनीही 1840 च्या दशकात पिनांचं कुलूप बनवलेलं होतं. मुलानं ती जुनी कल्पना घेतली, लहान केली आणि तिला शिस्त लावली. 1861 आणि 1865 ची त्याची पेटंट्स या कुलपाची आहेत.

आत काय होतं ते सोपं करून सांगतो. एक पितळी नळी, तिच्या आत फिरणारा एक दंडगोल. दोन्हींतून आरपार जाणारी पाच उभी बिळं. प्रत्येक बिळात एक पिन, पण दोन तुकड्यांत, आणि वरून दाबणारी चिमुकली स्प्रिंग. किल्ली नसताना वरचे तुकडे अर्धे आत, अर्धे बाहेर असे आडवे येतात, आणि दंडगोल फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक पिन अशी उचलतात, की पाचही पिनांचे जोड नेमके दंडगोलाच्या कडेच्या रेषेवर येतात. मग मधे काहीच अडत नाही, किल्ली वळते. एक जरी पिन जास्त उचलली गेली किंवा कमी उचलली गेली, तरी दंडगोल हलत नाही. जास्त उचललेलीही चालत नाही, हे महत्त्वाचं. आता हिशेब करा. प्रत्येक पिनेच्या दहा उंच्या धरल्या तर पाच पिनांचे प्रकार होतात एक लाख. प्रत्यक्षात काही जुळण्या टाळाव्या लागतात, तरी शेजाऱ्याची किल्ली आपल्या दाराला लागण्याची धास्ती गेली. किल्ली आधी गोल असायची, ती 1865 पर्यंत त्यानं चपटी केली. चपट्या किल्लीचं भोक म्हणजे एक बारीकशी वाकडीतिकडी चीर.

पण माझ्या मते त्याची सर्वांत मोठी युक्ती या पिनांत नाही. त्यानं किल्लीचा भाग आणि दार अडवणाऱ्या बोल्टचा भाग एकमेकांपासून वेगळे केले. बोल्टची पेटी दाराच्या आतल्या अंगाला, किल्लीची नळी बाहेरच्या अंगाला, आणि दोघांमध्ये एक पातळ पट्टी. किल्ली नळीतच फिरते, नळी पट्टी फिरवते, पट्टी बोल्ट ओढते. म्हणजे दाराच्या जाडीचा भार किल्लीवरून उतरला आणि पट्टीवर गेला. दार कितीही जाड असो, किल्ली तेवढीच. राजवाड्याला आणि खोलीला एकच किल्ली! मुंबईत ज्याला आपण लॅच म्हणतो, दार ओढलं की खट्‌कन लागणारं आणि किल्ली आत राहिली तर शेजाऱ्याच्या गॅलरीतून चढायला लावणारं, त्यातली किल्लीची नळी थेट या घराण्यातली.

मात्र ही सोय फुकट मिळाली नाही. पूर्वी दाराचं माप लोहार घ्यायचा आणि त्या बेतानं किल्ली घडवायचा. आता किल्ली कारखान्यातून तयार येणार, तेव्हा दाराचं माप घेण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर आली. त्याबद्दल पुढे सांगतोच.

कल्पना उत्तम होती, पण ती हातानं एकेक करून बनवत बसलं तर महाग पडे. पिना, बिळं, दाते हे सगळं हजारांनी आणि तंतोतंत एकसारखं निघायला हवं होतं. त्यासाठी यंत्रं हवी, भांडवल हवं, कारखाना चालवणारा माणूस हवा. येल बुद्धीचा राजा, पण धंद्याच्या शिस्तीत तो कमी पडत होता. 1868 मध्ये त्याची गाठ हेन्री टाउन या तरुणाशी पडली. टाउन तेव्हा चोवीस वर्षांचा, फिलाडेल्फियाचा, इंजिनिअरिंगमध्ये मुरलेल्या घरातला. एकाला सुचायचं, दुसऱ्याला घडवता यायचं. ऑक्टोबर 1868 मध्ये दोघांनी कंपनी काढली आणि कनेटिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात कारखान्याचं बांधकाम सुरू केलं.

आणि मग जे झालं ते वाचताना दर वेळी चुटपूट लागते. त्या डिसेंबरात येल कामासाठी न्यूयॉर्कला गेला होता. ब्रॉडवेवर इक्विटेबल विमा कंपनीची मोठी इमारत उभी राहत होती आणि तिच्या कुलपांचं काम मिळवायचं होतं. तिथेच, 25 डिसेंबर 1868 रोजी, नाताळच्या दिवशी, हृदय बंद पडून तो गेला. वय अवघं 47. कंपनी स्थापन होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ज्या कारखान्यातून त्याचं कुलूप जगभर जाणार होतं, तो चालू झालेला त्याला बघायला मिळाला नाही.

इथे हेन्री टाउनचं कौतुक केलं पाहिजे. पोरसवदा माणूस, ज्याच्या डोक्यावर सारी मदार तोच भागीदार गेलेला. हात झटकून तो घरी जाऊ शकला असता. तो राहिला. तीस-पस्तीस कामगारांवर सुरू झालेला कारखाना त्यानं हजारो कामगारांपर्यंत नेला. 1883 मध्ये कंपनीचं नाव येल अँड टाउन झालं. स्वतःचं नाव घालताना त्यानं येलचं पुढेच ठेवलं. स्टॅमफर्डला लोक कुलपांचं शहर म्हणू लागले. 1950 च्या दशकाअखेर कारखाना तिथून गेला. पुढे कंपनी अनेक हातांत फिरली, पण येल हे नाव अजून दारांवर आहे.

घरात चित्रकला मात्र टिकली. मुलगी मॅडलिन येल विन हिनं पुढे चित्रं, दागिने आणि धातूकाम यांत नाव काढलं, कथाही लिहिल्या. बापाचे दोन्ही हात, रंगाचा आणि धातूचा, लेकीकडे आले म्हणायचे. पत्नी कॅथरिन हिनंही उतारवयात मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक लिहिलं.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या 1868 साली येल गेला, त्याच साली आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांचा जन्म झाला. ते शिकले वकिली, पण ती त्यांच्या सचोटीला मानवली नाही. 1897 मध्ये त्यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. एकानं चित्रकला सोडली, एकानं वकिली. दोघेही शेवटी कुलपापाशी आले, आणि दोघांच्याही बाबतीत माल विकला गेला तो त्या नावावरच्या विश्वासामुळे. आपल्या आईवडिलांच्या पिढीला गोदरेजचं कुलूप म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नसे.

आता मघाशी राहिलेली मापाची गोष्ट. येलनं किल्ली सोपी केली आणि माप आपल्यावर टाकलं. पुढे जर्मनीतून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या वॉल्टर श्लागे यानं 1920 च्या दशकात गोल भोकात बसणारं, मुठीच्या मधोमध कळ असलेलं कुलूप आणलं. आज अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या दारांना पडलेली भोकं या जातीची आहेत. कुलूप बदलायचं तर दुकानात जाण्याआधी टेप घेऊन दारापाशी पाच मिनिटं उभं राहावं. आमच्या मंडळातल्या एका स्नेह्यांनी एकदा महागडं कुलूप आणलं, उघडून बघितलं तर अंतर जुळेना. दुकानदार उघडलेलं खोकं परत घेईना. शेवटी सुतार बोलावून दार कोरावं लागलं आणि कुलपापेक्षा सुतार महाग पडला.

पहिलं माप जाडीचं. इथे बाहेरचं दार बहुधा पावणेदोन इंच असतं, आतली दारं एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच. बहुतेक कुलपं या दोन्हींच्या दरम्यान बसतात. दार त्याहून जाड असेल तर लांब स्क्रू आणि लांब पट्टीचा वेगळा संच मागावा लागतो. दुसरं माप सर्वांत महत्त्वाचं, आणि चूक होते ती इथेच. दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. भोकाच्या काठापर्यंत नव्हे, मध्यापर्यंत. हे दोन पूर्णांक तीन अष्टमांश तरी असतं किंवा पावणेतीन इंच तरी. फरक फक्त तीन अष्टमांश इंचाचा, जेमतेम एक सेंटिमीटर, पण तेवढ्यानं बोल्ट आणि मूठ यांची गाठ पडत नाही. आता पुष्कळ कुलपांचा बोल्ट दोन्ही अंतरांना जुळवता येतो, तरी खोक्यावर वाचून घ्यावं. तिसरं माप मोठ्या भोकाच्या रुंदीचं, ते साधारण दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच असतं. कडेतलं बोल्टचं भोक एक इंचाचं. वर डेडबोल्ट आणि खाली मूठ असेल तर दोन्ही भोकांच्या मध्यांतलं अंतरही मोजावं, विशेषतः अखंड सेट घेणार असाल तर. आणि शेवटी दार उजवं की डावं ते बघावं. बाहेर उभं राहून दार आत ढकलायचं; बिजागऱ्या डाव्या हाताला असतील तर दार डावं, उजव्या हाताला असतील तर उजवं.

न्यूयॉर्कच्या जुन्या अपार्टमेंट्समध्ये अजून अस्सल येल पद्धतीचं, आतल्या बाजूला पेटी असलेलं कुलूप दिसतं. त्याच्या नळीमागे लांब पट्टी असते आणि तिच्यावर ठराविक अंतरानं खाचा असतात. दाराच्या जाडीप्रमाणे पट्टी खाचेवर मोडायची. फार तोकडी मोडली तर पेटीपर्यंत पोचत नाही, लांब ठेवली तर नळी दारावर नीट टेकत नाही. येलच्या सगळ्या युक्तीचं मर्म त्या पट्टीत आहे. सवड मिळाली तर एकदा काढून बघाच.

लंडनमध्ये किंवा आखातात राहणाऱ्या आपल्या भाऊबंदांचा मामला वेगळा. तिथे कित्येक दारांना दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारी युरोपियन नळी असते. तिचं माप मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे वेगवेगळं घ्यायचं, बाहेरची बाजू आणि आतली बाजू. 35 आणि 45 मिलिमीटर अशा जोडीनं सांगायचं. नुसती एकूण 80 सांगितलीत तर दुकानदार 40-40 हातात ठेवेल आणि नळी दाराबाहेर पाच मिलिमीटर जास्त डोकावेल. असं डोकावणारं टोक पकडीत धरून मोडता येतं, आणि चोरांना ते चांगलं ठाऊक आहे. तेव्हा बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त काही दिसू नये.

आणि या हिवाळ्यात भारतात जाणार असाल, तर आईबाबांच्या दाराकडेही जरा बघा. पुष्कळ फ्लॅटमध्ये वीस-पंचवीस वर्षांची लॅच असते, पिना झिजलेल्या, किल्ली दोनदा हलवल्याशिवाय न वळणारी. बाबांना ती हलवायची ठराविक तऱ्हा जमलेली असते, म्हणून ते तक्रार करत नाहीत. पण रात्री कुणाला बरं वाटलं नाही आणि शेजाऱ्याला बाहेरून दार उघडायची वेळ आली, तर ती तऱ्हा शेजाऱ्याला कुठून ठाऊक असणार? फोनवरून हजार चौकश्या करण्यापेक्षा दाराचं माप घेऊन एक चांगलं कुलूप बसवून येणं, आणि एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे देणं, यात मुलाचं जास्त प्रेम आहे असं मला वाटतं.

लायनस येलनं लोकांना कधी सांगितलं नाही की माझं कुलूप घ्या आणि निर्धास्त झोपा. उलट, निर्धास्त झोपलेल्या बँकांना त्यानं जागं केलं. जे मोडता येतं ते मोडून दाखवलं, आणि मग त्याहून बरं काही करायला तो बसला. ते पुरं व्हायला त्याला सत्तेचाळीस वर्षं पुरली नाहीत, पण त्यानं माप बरोबर घेऊन ठेवलं होतं, त्यामुळे पुढचं काम दुसऱ्याला करता आलं. आपण देश सोडून आलेली माणसं दोन घरांच्या किल्ल्या सांभाळतो. त्या दोन्ही एकाच माणसाच्या कल्पनेतून निघाल्या आहेत, हे कळल्यापासून मला तो जुडगा पूर्वीइतका जड वाटत नाही.